ऋषिकेशच्या आधी ऐरोलीची गॅलरी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३६, ऐरोलीला राहतो. दोन वर्षांपूर्वी एकोणिसाव्या मजल्यावर घर घेतलं, पण गॅलरीत पाऊल टाकवत नाही. कपडे बायकोच वाळत घालते. मुलगी तिथे खेळायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी तिच्यावर ओरडतो. नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसचा ग्रुप ऋषिकेशला जातोय. सगळे म्हणतात, एकदा बंजी मार, भीती कायमची जाईल. मारू का?"

मी ठाण्याची. गेली बावीस वर्षं लोकांना दोरावरून कडा उतरायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत धाडसी मंडळी कमी आणि तुमच्यासारखी जास्त असतात, म्हणून सरळच सांगते. भीती घालवायची म्हणून उडी मारू नका. ऋषिकेशला जरूर जा, तिथे गेल्यावर वाटलं तर उडीही मारा. पण भीतीचं काम त्याआधी इथे, घरापासून सुरू करून व्हायला हवं. आता सप्टेंबर लागलाय. तुमच्या हातात अकरा आठवडे आहेत आणि रोज थोडा वेळ दिलात तर तेवढे बऱ्यापैकी पुरतात.

ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला बंजीचं मचाण ८३ मीटर उंचीवर आहे, तुमच्या एकोणिसाव्या मजल्याच्याही बरंच वर. तिथे घाबरलेल्या माणसाचं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. घोट्यांना पट्टे बांधलेले, त्यामुळे तो पाय घासत घासत कडेपर्यंत जातो. मागून कुणीतरी तीन-दोन-एक म्हणतं. तो डोळे गच्च मिटतो आणि पडतो. काही सेकंदांत दोर ताणला जातो, तो वर-खाली होतो, आणि त्याला खाली उतरवून घेतात. यातून त्याच्या मनावर काय ठसतं? डोळे मिटले म्हणून निभावलं. घरच्या गॅलरीत मात्र डोळे उघडे ठेवून उभं राहायचं असतं आणि तिथे तीन-दोन-एक म्हणायला कुणी नसतं. उडी मारून आलेले आणि स्टुलावर चढून पंखा पुसायला अजूनही कचरणारे लोक मी पाहिले आहेत. उंचीवर थांबून राहिलं, पुन्हा पुन्हा राहिलं, म्हणजे ही भीती ओसरते. उडीत थांबणं नेमकं नसतंच.

हे मी एक चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या शिबिरात डोंबिवलीचा एक मुलगा कड्यावर अडून बसला. अँकरचा, म्हणजे वर कातळाला पक्का बांधलेला, दोर त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नाव घेऊन आरोळ्या ठोकल्या, आणि मी त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली. तो उतरला. खाली सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, मलाही धन्य वाटलं. सहा-सात महिन्यांनी तो ठाणे स्टेशनला भेटला. म्हणाला, "मॅडम, आधी फक्त कड्याची भीती वाटायची. आता बस फ्लायओव्हरवर चढली तरी मी डोळे मिटून बसतो." त्या दिवसानंतर कडेवर उभ्या असलेल्या कुणाच्याही हाताला मी बोट लावलेलं नाही. पाऊल त्याचं त्याने टाकायचं, आणि नको म्हणाला तर आम्ही दोघं शेजारी बसून चहा प्यायचा. ते शिबिर मग दुपारपर्यंत लांबलं तरी लांबू दे.

आता शरीरात काय होतं ते सांगते, कारण त्यामागचं कारण समजलं की माणूस स्वतःला भित्रा म्हणणं सोडतो. आपल्याला वाटतं की आपण सरळ उभे आहोत, पण उभा माणूस सतत किंचित डुलत असतो. हे डुलणं डोळे पकडतात, आतला कान पकडतो आणि तळपाय पकडतात. जवळची वस्तू, समजा समोरची भिंत, आपण डुललो की नजरेत थोडी सरकते आणि मेंदू तोल सावरून घेतो. उंचावर समोर भिंत नसते. सगळ्यात जवळची वस्तू पन्नास मीटर लांब असते आणि तुमच्या दोन सेंटिमीटर डुलण्याने ती सरकल्याचं डोळ्यांना कळतही नाही. कान सांगतो हललास, डोळे सांगतात नाही हललास. या गोंधळात डुलणं आणखी वाढतं आणि ‘गरगरतंय’ असं वाटतं. हे कमी-जास्त प्रमाणात प्रत्येकाला होतं, मलाही होतं. तुमच्या बाबतीत त्यावर भीतीचा थर चढतो, श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने डोकं आणखी हलकं वाटतं, आणि मग ‘आता मी पडणार’ हा विचार येतो.

पडण्याबद्दल एक दिलासा. चक्कर येऊन कोसळण्यासाठी रक्तदाब खाली यावा लागतो, आणि उंचीला घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब वर गेलेला असतो. म्हणून या भीतीने शुद्ध हरपणं फार क्वचित. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं असतं. इतक्या वर्षांत कडेवर रडलेले, ओकलेले, मला शिव्या घातलेले खूप पाहिले, भीतीने बेशुद्ध झालेलं एकही माणूस मला आठवत नाही.

उंचीपासून जपणं आपल्यात रांगत्या वयापासूनच दिसतं. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९६० सालचा एक प्रयोग आहे. त्यांनी रांगती बाळं एका मोठ्या काचेवर ठेवली. काचेच्या अर्ध्या भागाखाली लगेचच चौकड्यांचं कापड होतं, उरलेल्या अर्ध्या भागाखाली तेच कापड बरंच खोल. आई पलीकडून हाका मारत असूनही बहुतेक बाळं खोल बाजूवर गेली नाहीत. तेव्हा तुमच्यात काही मोडलेलं नाही. धोक्याची घंटा सगळ्यांकडे असते, तुमची जरा लवकर वाजते आणि वाजत राहते.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण दर दुसरा माणूस मला ती कानात सांगतो: "मॅडम, मला पडायची भीती नाही वाटत. मीच उडी मारीन की काय, अशी वाटते." या विचाराने लोक इतके हादरतात की घरच्यांनाही सांगत नाहीत. हा विचार अतिशय सर्रास येतो. २०१२ साली अमेरिकेत यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मरणाचा विचार कधी मनात आला नव्हता अशाही अनेकांनी ही ओढ जाणवल्याचं त्यात सांगितलं. संशोधकांचा तर्क असा की शरीर झटकन मागे सरकतं आणि ‘मी मागे का सरकलो’ याचा अर्थ मेंदू नंतर असा लावतो. म्हणजे त्यामागे खरं तर जगण्याचीच धडपड असते. मात्र जमिनीवर असतानाही असे विचार येत असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती वेगळी बाब आहे. तेव्हा माझ्यासारखीकडे न येता डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर आजच फोन करा.

आता गॅलरी. आधी एक शहानिशा करून टाका. मुलीवर ओरडण्यात तुमचं सगळंच चुकलेलं नाही. लहान मुलं चढतात. कठड्याजवळ स्टूल, कुंडी, जुनी सायकल असलं काहीही असेल तर ते आज हलवा, ग्रिल किंवा जाळी नसेल तर बसवून घ्या, कठडा हाताने हलवून पाहा. खरा धोका होता तेवढा काढला, की उरलेली भीती तुमची, आणि तिच्याशी मुलीला काही देणंघेणं नाही.

एक वही घ्या. गॅलरीच्या दारात उभे राहा आणि भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या. दारात चार, आत एक पाऊल टाकल्यावर सहा, कठड्याला हात लागल्यावर नऊ, असं काहीतरी येईल. सुरुवात चार-पाचवाल्या जागेपासून करायची. तिथे उभं राहण्याआधी वहीत लिहायचं: इथे पंधरा मिनिटं थांबलो तर काय होईल असं मला वाटतं? ‘तोल जाईल’, ‘पाय गळून खाली बसेन’, जे वाटेल ते. मग थांबायचं. आकडा आधी चढेल. चढत असताना आत पळालात, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी घंटा आणखी लवकर वाजते. थांबलात की तो कुठेतरी अडतो आणि मग हळूहळू उतरू लागतो. मी पाहिलेल्या बहुतेकांचा दहा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतो. त्यानंतर आत जायचं आणि वहीत लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं? या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून रोज वाचणं हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम आहे. लोक नेमकं तेच टाळतात, कारण लिहायचा कंटाळा.

‘खाली बघू नकोस’ हा सल्ला विसरून जा. खाली बघायचंच आहे, फक्त क्रमाने. आधी हाताजवळचं काहीतरी नीट पाहा, कठड्याच्या पाइपवरचा रंगाचा पोपडा, भिंतीला टेकलेली कुंडी. त्याने डुलणाऱ्या डोळ्यांना खुंटा मिळतो. मग समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या, मग खाडीकडची कांदळवनं, मग मधल्या मजल्यांवरचे एसी, आणि सगळ्यात शेवटी खालचं पार्किंग. गरगरलं की पुन्हा पोपड्यावर या, एक खांदा भिंतीला टेकवा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. धावत्या ढगांकडे मात्र बघू नका, त्याने तोल आणखी फसतो. मोबाइलमध्ये डोकं घालून पंधरा मिनिटं काढलीत तर ती धरायची नाहीत.

हे रोज हवं. रविवारी दोन तास आणि सहा दिवस सुट्टी असं चालत नाही. चार-पाच दिवसांत एखादा दिवस वाईट जाईल, चारवरचा आकडा पुन्हा सातवर जाईल. असं सगळ्यांचं होतं. त्या दिवशी एक पाऊल मागे या, पण गॅलरी चुकवू नका.

दोन-तीन आठवड्यांनी घराबाहेर पडा. भीती जागेला चिकटते. स्वतःच्या गॅलरीत रुळलेला माणूस दुसरीकडे पुन्हा लटपटतो. रविवारी सकाळी गर्दी नसताना स्टेशनच्या पादचारी पुलावर मधोमध दहा मिनिटं उभे राहा. मॉलमधली काचेची लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत चार-पाच वेळा करा. पाऊस ओसरला की पारसिक हिलवर संध्याकाळी जा. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि जीवही गेलेले आहेत. धोका पत्करणं आणि भीती घालवणं यांची गल्लत होता कामा नये.

सह्याद्रीत फिरणारे आपण एखादी वाट सांगताना म्हणतो, "तिथे एक्स्पोजर आहे", म्हणजे एका बाजूला सरळ खोल दरी आहे. मानसशास्त्रातले डॉक्टर या उपचाराला एक्स्पोजरच म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एकच निघतो: उघड्यावर, आडोशाशिवाय उभं राहणं. फरक इतकाच की डॉक्टर मात्रा मोजून देतात, आणि ट्रेकचे काही लीडर नवख्या माणसाला थेट कलावंतीण दुर्गाच्या उभ्या पायऱ्यांवर नेऊन उभं करतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर कातळ सुकू लागला की खरा साहसी भाग. उंचीच्या भीतीसाठी मला बंजीपेक्षा आणि झिपलाइनपेक्षा रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, कितीतरी आवडतं, कारण त्यात वेग तुमच्या हातात असतो. मधेच थांबता येतं, कातळावर हात फिरवता येतो, खाली बघता येतं, पुन्हा चालू पडता येतं. त्याही आधी जमलं तर बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय बुटक्या दगडांवर चढणं, करा. बेलापूरच्या डोंगरातल्या मोठमोठ्या दगडांवर गिर्यारोहक मंडळी वर्षानुवर्षं सराव करत आली आहेत. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, तो उगाच नाही. आठ-दहा फुटांवर, खाली जाड क्रॅश पॅड आणि पडताना सावरायला माणूस असताना, हातापायांवर विश्वास बसायला लागतो.

रॅपलिंगचे पहिले तीन फूट सगळ्यात अवघड, पुढचे तीस सोपे. मुंब्र्याच्या डोंगरात कळव्याची एक बाई माझ्याकडे आली होती, वय पन्नासच्या घरात. हार्नेस, म्हणजे कमरेचा-मांड्यांचा पट्टा, घातलेला, दोर डिसेंडरमधून, म्हणजे उतरायचा वेग आवरणाऱ्या धातूच्या उपकरणातून, ओवलेला, आणि ती कडेवर पाठमोरी उभी. नवखा माणूस इथे दोन गोष्टी हमखास चुकतो. एक म्हणजे डिसेंडरच्या वरचा दोर तो जिवाच्या आकांताने धरतो. तिची बोटं पांढरी पडली होती. त्या हाताचं काही काम नसतं, ब्रेक असतो तो कमरेखालच्या हातात. दुसरं म्हणजे तो ताठ उभा राहतो. ताठ राहिलं की वजन सरळ खाली जातं, बुटाचा तळवा कातळावर दाबला जात नाही, आणि पाय सटकतात. मागे रेललं, खुर्चीत बसल्यासारखं हार्नेसमध्ये बसलं आणि पाय कातळाला जवळपास काटकोनात टेकले, की पकड येते. म्हणजे शरीर ओरडून जे सांगतं त्याच्या उलट करायचं असतं, आणि ते नुसतं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मी हे आधी जमिनीवर, उतारावर, झाडाला दोर बांधून दहा वेळा करून घेते.

ती तिथे वीस मिनिटं उभी होती. आकडा विचारला की सांगायची: नऊ. नऊ. आठ. खाली रुळांवरून लोकल गेली. मी म्हटलं, डबे मोजा. तिने मान वळवून खाली पाहून मोजले, "बारा", आणि दुसऱ्या गाडीची वाट बघू लागली. तिसऱ्या गाडीला ती म्हणाली, "सहा," आणि आपणहून मागे बसली. उजव्या हाताने दोर सोडत पहिलं पाऊल टाकलं. मधे एके ठिकाणी थांबून कातळातल्या फटीत उगवलेलं रोपटं बघत बसली. खाली पोचल्यावर ना टाळ्या, ना फोटो. ती म्हणाली, "परत करू?" त्या दिवशी ती तीन वेळा उतरली. पहिल्यांदा धीर पुरतो, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उतरताना शरीर शिकतं. म्हणून दिवसाला एकच फेरी देणाऱ्या मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमात जाऊ नका. पावसाळ्यातलं धबधब्यातलं रॅपलिंगही पहिल्या वेळी नकोच. पाण्याच्या आवाजात शिकवणाऱ्याचं ऐकू येत नाही आणि कातळ निसरडा असतो.

कुणाबरोबर जायचं ते नीट पारखून घ्या. महाराष्ट्रात साहसी पर्यटनासाठी २०२१ सालचं धोरण आहे आणि त्यात आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती विचारा. नवख्यासाठी उतरायच्या दोराशिवाय दुसरा, वेगळ्या अँकरवरचा बिलेचा दोर हवा. म्हणजे तुमचा हात सुटला तरी वरचा माणूस तुम्हाला धरून ठेवतो. हेल्मेट हवं. हार्नेसची बकलं आणि कॅरॅबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, लॉक एकाने लावलं तर दुसऱ्याने तपासायला हवं. चांगल्या कॅरॅबिनरवर त्याची ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेला बहुतेक २२ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे सव्वादोन टन. तुमच्या ऐंशी किलोंचं त्याला काही वाटत नाही, पण लॉक उघडं राहिलं तर हे सगळं व्यर्थ. आणि फोनवर एक प्रश्न जरूर विचारा: "वर पोचल्यावर मला नको वाटलं तर?" ‘अहो काही होत नाही, आम्ही उतरवतोच’ असं उत्तर आलं तर दुसरा क्रमांक फिरवा.

तब्येतीचंही बघून घ्या. सपाट जमिनीवर, कूस बदलताना किंवा मान वळवताना गरगरत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, ते भीतीचं दुखणं नाही. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला, चष्मा असेल तर त्यातून खाली पाहताना धूसर दिसतं, हेही लक्षात घ्या. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, मान-पाठीचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, यांपैकी काही असेल तर बंजीचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. धीर यावा म्हणून पेग किंवा शांत करणारी गोळी घेऊन दोरावर चढणं तर अजिबात नको. हात मंदावतो तो मंदावतोच, वर मेंदूही काही शिकत नाही. महिनाभर प्रामाणिकपणे गॅलरी करूनही आकडा हलला नाही, किंवा तिसऱ्या मजल्यावरच जीव घुसमटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि बहुतेकांना त्यांचा गुण येतो.

ऋषिकेशला पोचल्यावर पहिल्या सकाळी लवकर उठून रामझुल्यावर जा. तो गंगेवरचा झुलता पूल, हलतो. मधोमध थांबा, कठड्याच्या तारेला हात लावा, गंगेकडे पाहा, आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबा. ग्रुपला आधीच सांगून ठेवा की बंजीचं मी तिथे मचाणावर जाऊन ठरवीन, आणि नाही म्हटलं तर कुणी काही बोलायचं नाही. मारावीशी वाटली तर मारा, पण डोळे उघडे ठेवून, मौज म्हणून. नाही वाटली तर गरम चहा घेऊन मित्रांच्या उड्या बघत कडेच्या कठड्याला टेकून उभे राहा. दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला तेही जमलं नसतं.

वहीचं पहिलं पान आज रात्रीच भरा. पाऊस असेल तर गॅलरीची फरशी आधी पुसून घ्या, चपला काढून ठेवा. तळपायाला फरशी लागली की तोल बरा राहतो. मुलीला आत झोपू दे, आणि दार उघडं ठेवा.